बारोलो घेण्याआधी: नेबिओलोची ओळख, पायरी पायरीने

पहिलीच बाटली बारोलोची घेऊ नका. नेबिओलो या लाल वाइनच्या द्राक्षाबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच सांगते. बारोलो ही त्याचीच एक नावाजलेली इटालियन वाइन. बहुतेकांची गाडी इथेच अडते. कुठेतरी 'वाइनचा राजा' वगैरे वाचलेलं असतं, म्हणून खिसा रिकामा करून बारोलो आणतात, त्याच संध्याकाळी उघडतात आणि ग्लासात उतरते ती फिकट, कडेला विटकरी झाक असलेली वाइन. घोट घेतला की हिरड्या आवळून येतात. मग "एवढ्यासाठी एवढे पैसे मोजले?" हा प्रश्न साहजिकच.

अशा वेळी बहुधा क्रम चुकलेला असतो. नेबिओलोकडे खालून वर जायचं असतं, आणि वर जाताना लेबल वाचता यायला हवं. कारण या द्राक्षाच्या सगळ्यात चांगल्या बाटल्यांवर बऱ्याचदा द्राक्षाचं नावच नसतं, फक्त गावाचं असतं.

आधी हे जमवा

- मोठ्या पोटाचे, तोंडाशी निमुळते, साध्या पारदर्शक काचेचे तीन सारखे ग्लास. आकार एकच असणं महत्त्वाचं, नाहीतर तुलना फसते.
- पसरट बुडाचा काचेचा जग. डिकँटर असेल तर उत्तमच, पण त्यावाचून अडत नाही.
- छापील मजकुराचा पांढरा कागद, रंग पाहायला.
- वही. मोबाइलवर टिपलेलं मी तरी परत कधी उघडून पाहत नाही.
- इटलीतल्या लांगे टेकड्यांचा नकाशा, ही वाइन तिथलीच. आल्बा शहर, तानारो नदी आणि तिच्या दोन्ही बाजूंची गावं दिसली की पुरे.
- साधा पाव आणि मुरलेलं, कठीण चीज. कशाला, ते तिसऱ्या पायरीत येईल.

१. द्राक्ष कुठलं, एवढं माहीत करून घ्या

नेबिओलो इटलीच्या वायव्य कोपऱ्यातलं, पिएमॉन्ते प्रांतातलं. तुरिनजवळच्या रिव्होलीत १२६६ साली त्याचा 'निबिओल' असा उल्लेख सापडतो. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका लॅटिन शेतीग्रंथात त्याच्या वाइनची तारीफ आहे. १४३१ मध्ये ला मोर्रा गावाने केलेल्या नियमांत या वेलींची नासधूस करणाऱ्याला कडक शिक्षा सांगितली आहे. थोडक्यात, पंधराव्या शतकातही हे माल विकून पैसा देणारं पीक होतं.

डीएनए तपासणीत त्याचे आईवडील काही सापडले नाहीत. ते वाण बहुधा केव्हाच नष्ट झाले. नात्यागोत्यातली द्राक्षं मात्र त्याच टापूत आहेत. फ्रेइझाशी तर त्याचं थेट पालक-अपत्याचं नातं निघालं. आणखी एक गंमत याच तपासणीतून कळली. लाम्पिया, मिकेत आणि रोझे हे नेबिओलोचेच तीन प्रकार असं बागायतदार पिढ्यान्‌पिढ्या मानत आले होते. त्यातलं रोझे प्रत्यक्षात वेगळंच वाण निघालं.

आज आपण ज्याला बारोलो म्हणतो ती कोरडी, तुरट वाइन त्या मानाने अलीकडची. १७८७ मध्ये थॉमस जेफरसन तुरिनला गेले तेव्हा त्यांना मिळालेली नेबिओलो गोडसर होती, तुरट होती आणि वर फेसाळही. थंडी लवकर पडायची, आंबवण अर्धवट थांबायचं आणि साखर शिल्लक राहायची. एकोणिसाव्या शतकात ती पूर्ण कोरडी होऊ लागली. याचं श्रेय बरीच वर्षं बारोलोच्या उमराव घराण्यातल्या मार्केझा जूलिया फाल्लेत्ती आणि उदार नावाच्या फ्रेंच माणसाला दिलं जायचं. अलीकडचे अभ्यासक मात्र वाइनतज्ज्ञ पाओलो फ्रांचेस्को स्ताल्येनो यांच्याकडे बोट दाखवतात. ग्रिंझाने गावी आपल्या बागा सांभाळणाऱ्या कावूर यांच्यासाठी त्यांनी काम केलं. हेच कावूर पुढे एकीकृत इटलीचे पहिले पंतप्रधान झाले.

२. वेलीचा स्वभाव समजला की किंमत समजते

वसंतात ही वेल सगळ्यांच्या आधी फुटते आणि तोडणीला सगळ्यांच्या शेवटी येते, ऑक्टोबरमध्ये. म्हणजे सुरुवातीला दहिवराची भीती आणि शेवटी पावसाची. काडीवरचे बुडाकडचे पहिले काही डोळे घड धरत नाहीत, त्यामुळे आखूड छाटणी चालत नाही, लांब काडी राखावी लागते. उतारही कुठलाही चालत नाही. दक्षिणेकडे तोंड असलेला, उताराच्या मधल्या पट्ट्यातला, जिथे बर्फ सगळ्यात आधी वितळतं तो तुकडा नेबिओलोला. बाकीच्या जागी बार्बेरा, दोल्चेत्तो ही तिथली दुसरी लाल द्राक्षं, आणि अगदीच गैरसोयीच्या जागी हेझलनटची झाडं. टेकडीवर उभं राहून पाहिलं तर कुठली जमीन महाग असेल हे झाडांवरूनच कळतं.

घड हाताशी घेऊन पाहिला तर मण्यांवर जाड पांढुरका थर दिसतो. बोटाने पुसला की खाली गडद जांभळा. साल पातळ पण चिवट. इतका गडद मणी, मग वाइन फिकट का? कारण सालीतल्या रंगद्रव्यांची जात. कॅबर्ने सोव्हिन्यों वगैरे द्राक्षांत टिकाऊ माल्व्हिडिनचा वाटा मोठा असतो. नेबिओलोत पिओनिडिन आणि सायानिडिनचा वाटा मोठा आहे, आणि हे दोन्ही हवेच्या संपर्कात चटकन मोडतात. तुरटपणा देणारं टॅनिन मात्र साल आणि बी दोन्हींतून भरपूर उतरतं. रंग पातळ आणि अंगात जोर, असं हे उलटं गणित आहे.

म्हणून सापळा पहिला: रंगावरून दम ठरवू नका. ग्लास कागदावर तिरपा धरा. नेबिओलोतून खालचा मजकूर वाचता येतो, आणि कडेला लवकरच नारिंगी छटा येते. दुसऱ्या लाल वाइनमध्ये ही छटा दिसली तर ती म्हातारी झाली असं समजायला हरकत नाही. नेबिओलोत चार-पाच वर्षांतच दिसते, आणि तेव्हा ती ऐन उमेदीत असते.

३. तुरट आणि आंबट वेगळं ओळखायला शिका

हा सराव वाइनशिवाय करा. दूध-साखर न घातलेला कडक कोरा चहा गार करून तोंडात घोळवा. जीभ खरखरीत होते, गालांच्या आतून कोरडं पडतं, ते टॅनिन. मग लिंबू पिळलेलं पाणी घ्या. जबड्याच्या कडांना लाळ सुटते, तो आंबटपणा. नेबिओलोत दोन्ही एकदम आणि भरपूर असतात, त्यामुळे नवख्याला नुसतं 'कडक' एवढंच कळतं.

आता पाव आणि चीज. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं होतं. समोर दुसरी प्रथिनं आणि स्निग्धांश असले की ते तिकडे गुंततं. एक घोट नुसता, एक घोट चिजाच्या तुकड्यानंतर, असं करून पाहा. फरक इतका असतो की बाटली बदलली की काय असं वाटावं. पिएमॉन्तेतला माणूस ही वाइन नुसती पीत बसत नाही. तिच्यासोबत बारोलोतच शिजवलेलं गोमांस, लोणी घातलेले ताजारीन नावाचे बारीक नूडल्स, हंगामात त्यावर किसलेली पांढरी ट्रफल ही जमिनीखालची सुगंधी अळंबी, असं काहीतरी असतंच.

४. पहिली खरेदी: एकाच घराच्या तीन बाटल्या

लांगेमधला असा एक उत्पादक निवडा जो बारोलो किंवा बार्बारेस्को (नेबिओलोचीच दुसरी नावाजलेली वाइन) बनवतो. त्याच्याच तीन साध्या बाटल्या घ्या: दोल्चेत्तो, बार्बेरा आणि लांगे नेबिओलो. एक हात, एक तळघर, तीन द्राक्षं. तीन ग्लासांत शेजारी शेजारी ओता.

दोल्चेत्तो जांभळट, आंबटपणा कमी, शेवटी किंचित कडवट. बार्बेरा गडद, आंबटपणा खणखणीत, पण तुरटपणा जवळपास नाही. नेबिओलो तिघांत फिकट आणि तिघांत तुरट. वासही वेगळा: गुलाब, लाल चेरी, थोडी बडीशेप, आणि खाली कुठेतरी डांबर. गुलाब आणि डांबर ही जोडी नेबिओलोच्या प्रत्येक वर्णनात येते. डांबराचा वास पहिल्याच दिवशी सापडला नाही तर काळजी करू नका, तो बहुधा थोडं वय झालेल्या बाटलीत स्पष्ट होतो. जून बाटलीत सुकलेल्या पाकळ्या, चामडं, ओली पानं, अळंबी असं सगळं येतं.

लांगे नेबिओलो आधी का? त्यात किमान ८५ टक्के नेबिओलो लागतं आणि लाकडात मुरवण्याची सक्ती नाही. चांगले उत्पादक आपल्या तरुण वेलींचा किंवा बारोलोसाठी न निवडलेला माल इथे वापरतात. बारोलोच्या कितीतरी कमी पैशांत तोच हात चाखायला मिळतो.

५. लेबल वाचा

इथे सावकाश जाऊ या, कारण पैसे इथेच वाया जातात.

*बारोलो.* शंभर टक्के नेबिओलो. अकरा गावांच्या हद्दीतलं. तोडणीच्या वर्षाच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने मुरवणं सक्तीचं, त्यातले १८ लाकडात. म्हणजे २०१९ची बारोलो जानेवारी २०२३ आधी बाजारात येऊच शकत नव्हती. 'रिझेर्वा' लिहिलं असेल तर किमान ६२ महिने.

*बार्बारेस्को.* हीसुद्धा शंभर टक्के नेबिओलो. बार्बारेस्को, नेइव्हे, त्रेइझो ही गावं आणि आल्बाचा एक तुकडा. किमान २६ महिने, त्यातले ९ लाकडात. रिझेर्वाला ५० महिने. दुकानदार हिला 'धाकटी बारोलो' म्हणतात, मला ते पटत नाही. जमीन तानारोला लागून, हवा जराशी ऊबदार, द्राक्ष थोडं आधी पिकतं, वाइन थोडी लवकर उघडते, म्हणजे तिचा वास आणि चव लवकर मोकळी होते. नवख्यांनी बारोलोआधी हिच्याकडे यावं असं माझं मत आहे.

*नेबिओलो द'आल्बा* आणि *रोएरो.* रोएरो म्हणजे तानारोचा डावा काठ, माती वाळूची, वाइन सुगंधी आणि मऊ. रोएरो आर्नेइस असं लिहिलेलं असेल तर मात्र ती पांढरी वाइन.

आता सापळे.

बार्बेरा द'आल्बा आणि नेबिओलो द'आल्बा एकच नव्हेत. 'द'आल्बा' म्हणजे फक्त आल्बाचं. द्राक्ष त्याआधीच्या शब्दात आहे.

बारोलो किनातो म्हणजे बारोलो नव्हे. बारोलोत सिंकोनाची साल, मसाले आणि साखर घालून केलेलं ते गोड-कडू पाचक आहे. जेवणानंतर किंवा चॉकलेटसोबत छान लागतं, पण भेट म्हणून 'बारोलो' आणताना हे हाती आलं तर पंचाईत.

बागेचं नाव म्हणजे दर्जा नव्हे. लेबलवर कान्नूबी, ब्रुनाते, बुस्सिया, राबाया अशी नावं दिसतात. या बागांच्या सीमा अधिकृतपणे आखल्या गेल्या: बार्बारेस्कोच्या २००७ मध्ये, बारोलोच्या २०१० मध्ये. बारोलोत अशी एकूण १८१ नावं आहेत, त्यातली अकरा गावांचीच. पण फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्यासारखी वरची-खालची प्रतवारी त्यात नाही. शिवाय क्षेत्रफळात मोठी तफावत: बुस्सिया एकटीच तीनशे हेक्टरच्या आसपास, तर काही नावं एखाद्या छोट्या उतारापुरती. म्हणून बागेच्या नावाआधी उत्पादकाचं नाव पाहा.

बाटलीवरचा सरकारी पट्टा पाहायला विसरू नका. बारोलो-बार्बारेस्कोच्या बुचाशी क्रमांक असलेली कागदी पट्टी असते. १९८० साली 'डीओसीजी' हा इटालियन वाइनचा सर्वोच्च दर्जा पहिल्यांदा दिला गेला तेव्हा या दोन्ही वाइन त्या पहिल्या तुकडीत होत्या. पट्टी अस्सलपणाची खूण आहे, चवीची हमी नव्हे.

६. गाव बदलून पाहा

लांगे नेबिओलो आणि एखादी बार्बारेस्को झाली की बारोलोकडे या, पण दोन गावांच्या दोन बाटल्या एकाच सालच्या घ्या. एक ला मोर्राची, एक सेर्रालुंगाची. ला मोर्रा आणि बारोलो गावाच्या बाजूला निळसर चिकणमातीची तुलनेने तरुण जमीन आहे, तिथली वाइन सुगंधी आणि गोलसर. सेर्रालुंगाकडे जमीन जुनी, चुनखडीचं प्रमाण आणि वाळूचे थर वेगळे. तिथली वाइन घट्ट, तुरट, दहा वर्षं तरी थांबायला लावणारी. कास्तिल्योने फाल्लेत्तो या दोहोंच्या मधे, नकाशावरही आणि ग्लासातही.

हा नियम ढोबळ आहे. एकाच गावातले दोन उतार एकमेकांना खोटं पाडू शकतात. तरी सुरुवातीला धरून चालायला बरा.

७. उत्पादकाची पद्धत विचारा

जुनी पद्धत: द्राक्षांच्या साली रसात महिनाभर किंवा त्याहून जास्त ठेवायच्या, मग स्लाव्होनियन ओकच्या प्रचंड पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचं. नवी पद्धत: साली थोडेच दिवस, मग बरीक, म्हणजे २२५ लिटरचं छोटं फ्रेंच पिंप. १९८०च्या दशकात यावरून घराघरात भांडणं झाली. उत्पादक एलिओ आल्तारे यांनी वडिलांची जुनी पिंपं चेनसॉने कापली. दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीचे उत्पादक बार्तोलो मास्कारेल्लो यांनी पुढे आपल्या हाताने रंगवलेल्या लेबलवर 'बरीक नको, बेर्लुस्कोनी (इटलीचे राजकारणी) नको' असं लिहून ठेवलं.

आता बहुतेक जण मधल्या वाटेवर आहेत. तरीही विचारा. वाइनमध्ये व्हॅनिला आणि भाजलेल्या लाकडाचा वास पुढे येत असेल तर तो पिंपाचा आहे, नेबिओलोचा नाही. द्राक्ष शिकायचं असेल तर सुरुवातीला मोठ्या पिंपातली वाइन घ्या.

८. तोडणीच्या सालामागे फार लागू नका

२०१० आणि २०१६ ही गाजलेली सालं. म्हणूनच ती तरुणपणी बंद असतात आणि महागही. लवकर प्यायची असेल तर २०१८ सारखं हलकं साल जास्त सुख देतं. २०१४ पावसाळी होतं, पण बार्बारेस्कोत पाऊस कमी पडल्याने तिथल्या बाटल्या बऱ्याच चांगल्या निघाल्या, आणि नाव बदनाम असल्यामुळे दरही सौम्य. २००२ मध्ये मात्र सप्टेंबरच्या गारपिटीने बारोलोच्या बागा झोडपल्या, त्या सालची बाटली पारखून घ्या.

९. उघडणं आणि ओतणं

तापमान १६ ते १८ अंश. 'खोलीचं तापमान' हा सल्ला दगडी भिंतींच्या थंड घरांच्या काळातला आहे. खोली त्याहून गरम असेल तर बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. गरम नेबिओलोत अल्कोहोल नाकात जातं आणि गुलाब हरवतो. फार थंड केली तर तुरटपणा बोचतो.

नुसतं बूच काढून ठेवल्याने फारसं काही होत नाही, बाटलीच्या गळ्याएवढ्या जागेतून हवा लागून लागून किती लागणार? तरुण बारोलो काचेच्या जगमध्ये ओता आणि दोन-तीन तास राहू द्या. दर अर्ध्या तासाने घोटभर घेऊन वहीत टिपा. एकाच बाटलीतून एवढं शिकायला दुसरीकडे मिळणार नाही.

वीस वर्षांच्या बाटलीचं उलटं. आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे साका तळाशी बसेल. मग उजेडासमोर धरून सावकाश ओता, साका गळ्याशी दिसला की थांबा. तिला तासन्‌तास हवा देऊ नका, वास उडून जातो.

बाटली उरली तर बूच लावून फ्रिजमध्ये. तरुण नेबिओलो दुसऱ्या दिवशी बऱ्याचदा जास्त मोकळी लागते.

१०. मग उत्तरेला जा

लांगेबाहेर या द्राक्षाची नावं बदलतात. पिएमॉन्तेच्या उत्तरेला ते स्पान्ना: गात्तिनाराला ज्वालामुखीच्या खडकाची जमीन आणि किमान ९० टक्के नेबिओलो, शेजारच्या गेम्मेत व्हेस्पोलिनासारखी स्थानिक द्राक्षं मिसळायला थोडी जास्त मुभा. आल्प्सच्या तोंडाशी कारेमात दगडी खांबांवर मांडव घालून वेली चढवलेल्या आहेत. दिवसभर तापलेला दगड रात्री ऊब देतो. लोम्बार्दी प्रांतातल्या वाल्तेल्लिनाला नाव कियावेन्नास्का. डोंगर कोरून, दगडांचे बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर ही शेती चालते, कामं बहुतांशी हातानेच. सास्सेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो ही तिथली नावं. तिथल्या वाइन बारोलोपेक्षा सडपातळ, आणि दर पाहता घाईने उचलाव्यात अशा. फक्त 'स्फोर्झातो' लिहिलेली बाटली वेगळी ठेवा: ती सुकवलेल्या द्राक्षांची, किमान १४ टक्के अल्कोहोलची, कोरडी पण भारदस्त असते. तीन ग्लासांच्या तुलनेत ती बसवलीत तर शेजारच्या दोघींची चव लागणार नाही.